उंबऱ्याबाहेर झटकलेला कापूस

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे मी मोठ्यानं म्हणत लिहिते आहे. घरात आत्ता कुणी नाही, तेव्हा लाजायचं कारण नाही. लिहायला मी उशिरा शिकले. तुझ्याच मुलानं, माझ्या धाकट्या भावानं, शिकवलं, शाळेच्या सुट्टीत माझ्या सासरी, इथं अकोल्याला येऊन, पाटी मांडीवर ठेवून. अक्षर अजून वाकडंच आहे, आणि आज तर जास्तच वाकडं येतं आहे, कारण काल दुपारपासून मला एका जागी बसवत नाही. चुलीपाशी जाते, परत येते, कालवणात दोनदा मीठ घातलं. तीस वर्षांमागचं एक भांडण काल तू जिंकलीस, माय! आणि ते सांगायला तू नाहीस, आत्या नाही, बाबा नाहीत. मग सांगू कुणाला?

झालं असं. तुझा मुलगा आता इथल्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली काम करतो, हे तू पाहिलं नाहीस. तो शिकत होता तेव्हाच तू गेलीस. यंदाच्या हिवाळ्यात गावात घरोघर ताप आहे, सगळं अंग ठेचून काढणारा, आणि तो दिवसभर तेच बघतो. काल दुपारी त्याच्या लेकीला घेऊन जेवायला आला. ती पोर अंगणातला पेरू घेऊन चुलीपाशी आली आणि मी तुझ्याच आवाजात ओरडले, ‘ठेव तो जाम! थंडीच्या दिवसात जाम खाल्ला तं पडसं होईन.’ तो मोरीवर हात धूत होता. तिथूनच हसत म्हणाला, ‘खाऊ दे वं बाई. जामानं कोनाले पडसं होत नाई.’

मी म्हटलं, ‘मंग दह्यानं?’ म्हणे, दह्यानंही नाही. ओल्या केसांनी? नाही. उघड्यावर निजलं तर? नाही. मला राग यायला लागला. आपलं सगळं लहानपण हा माणूस एकेक करून खोडून काढत होता. ‘अरे, मंग थंडीतच काहून होते?’ तर तो पाटावर बसत म्हणाला, ‘थंडीत आपन दारं लावून घेतो अन् एकमेकाले चिकटून बसतो, म्हनून. एकाजवयचं दुसऱ्याजवय जाते. पडसं मानसापासून मानसाले होते, बाई. शिंकेतून, खोकल्यातून, हातातून. शिंकताना हात तोंडावर धरला, त्याच हातानं दुसऱ्याचा हात धरला, त्यानं तो हात नाकाले लावला, झालं.’ आणि माय, मी भाकरी थापता थापता थांबले. हात पिठात, भाकरी अर्धी. मला डोळ्यांसमोर उपरणं दिसलं. बाबांचं उपरणं, आणि त्याखाली धरलेले दोन हात.

अमरावतीचे ते दिवस तुला आठवतात का? मला तर वास येतो त्यांचा. सरकीचा, बैलांच्या घामाचा, नव्या गोणपाटाचा. सातासमुद्रापल्याड कुठंतरी लढाई लागली होती, ती कुणाची कुणाशी हे आपल्याला ठाऊक नव्हतं, पण तिच्यापायी आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याची कळा आली होती. दिवाळी झाली की वेशीबाहेर गाड्यांची रांग लागे. हिवरखेडच्या गाड्या, दर्यापूरच्या गाड्या, पार मेळघाटाच्या पायथ्यापासूनच्या गाड्या. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, गाडीवानांच्या डोक्याला नवे फेटे. बाबा खरे शेतकरी, अकोल्याकडच्या गावचे, पण त्यांची बोटं चलाख, म्हणून शेत चुलत्याकडे सोपवून ते दलाल झाले आणि आपण अमरावतीला भाड्याच्या घरात आलो. मी त्यांची भाकरी घेऊन बाजारात जायची. मला तिथून हलावंसं वाटायचं नाही. रुईचे ढीग असे, की त्यावर ऊन पडलं तर डोळे मिटावे लागत. लोक ओरडत, हसत, कुणी कुणाला मिठाई भरवत, आणि या सगळ्या गलक्यात भाव मात्र कुणी तोंडानं बोलत नसे. घेणाऱ्यानं आणि दलालानं हातात हात घालायचा, वर उपरणं टाकायचं आणि बोटांनी बोलायचं. चार बोटं धरली की एक अर्थ, अंगठा दाबला की दुसरा. चेहरे कोरे आणि उपरण्याखाली बोटांची झटापट. मी ते तासन्‌तास बघत राहायची.

आणि शिंक! माय, ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती, कारण मलाच तिचं मोल कळलं नव्हतं. हातात हात असताना कुणी शिंकलं तर सौदा मोडायचा. अपशकुन. गाडीवाला कापूस परत भरायला लागायचा. म्हणून बाजारात कुणी उघड शिंकत नसे. नाक हुळहुळलं की माणूस मान फिरवायचा, तळहातात नाहीतर उपरण्याच्या टोकात शिंक दाबून टाकायचा, जणू काही झालंच नाही. आणि तोच हात, तेच उपरणं, पुन्हा दुसऱ्याच्या हातावर. एक सौदा झाला की दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा. संध्याकाळपर्यंत बाबांच्या हातात सगळ्या बाजाराचं पडसं गोळा होऊन यायचं! हे मी काल तुझ्या मुलाला सांगितलं, तर तो घास हातात धरून बसला. म्हणाला, ‘बाई, पडसं पसरवाची याच्याहून पक्की सोय करतो म्हटलं तरी करता आली नसती.’

तुला मात्र संशय होता तो कापसावर. बाजार तेजीत आला त्या पहिल्याच हिवाळ्यात आपलं तान्हं गेलं. नाक चोंदलं, अंगावर पिईना, मग धाप लागली. बाबा त्या दिवसांत असेच शिंकत घरी यायचे, त्याला उचलून घ्यायचे, मुके घ्यायचे. तू त्यांच्या मिशांत अडकलेली रुई पाहिली होतीस आणि तुझ्या मनानं तेच धरलं: रुईचे तंतू पोराच्या छातीत गेले. पुढच्या हिवाळ्यात माझा हा भाऊ तुझ्या मांडीवर होता, पुरता चार महिन्यांचाही नसेल. गाड्यांची रांग लागली आणि तू आत्याला सांगून टाकलंस की यंदा कापूस उंबऱ्याच्या आत येणार नाही.

आत्या! बाबांची थोरली बहीण, नवरा वारल्यावर आपल्याकडे राहिलेली. मनानं वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. ‘कापूस आत येनार नाई? अवं, कापूस नाई थे, लक्ष्मी हाय. भावाच्या आंगावर बसून घरी येते. अन् तू तिले दिवेलागनीच्या वेयी झटकून भाईर काढतं?’ तू म्हणालीस, ‘लक्ष्मी आंगनात बसंन. मी तिले पाट देतो.’ आत्या म्हणाली, ‘आंगनात भिकारी बसतात.’ दोन दिवस चूल तुमच्या भांडणावरच पेटली होती. मग तूच तोड काढलीस. दाराशी एक नवी टोपली ठेवलीस, हळदकुंकू लावून. बाबा आले की आत्यानं त्यांच्या अंगावरची रुई वेचून टोपलीत ठेवायची आणि देवाच्या वाती त्याच रुईच्या वळायच्या. मान तिचा राहिला. आणि रुई हाताच्या घामाला चिकटते, नुसती झटकून जात नाही, म्हणून मी तांब्यात गरम पाणी आणि वाटीत रिठ्याचा फेस घेऊन उभी राहायची. हात कोपरापर्यंत, तोंड, मिशा. उपरणं बाहेरच्या दोरीवर. धुतलेलं धोतर नेसायचं आणि मग आत. गल्लीतल्या बायका तुला ‘कापसाची वैरीन’ म्हणायला लागल्या. बाबा चिडायचे, पण धुवायचे.

तो दिवस आता मी लिहिते आहे आणि माझे हात अजून त्या तांब्यानं गरम होतात. बाबांनी त्या दिवशी मुंबईच्या एका पेढीच्या माणसाशी मोठा सौदा जमवला होता. हंगामभर तोच माणूस त्यांच्याकडून कापूस घेणार होता. त्याला आणि आणखी एका दलालाला घेऊन ते हसत, मोठमोठ्यानं बोलत गल्लीत शिरले. ‘आमचा लेक पायगुनाचा,’ बाबा म्हणत होते, ‘तो जलमला अन् बाजार आखीन चढला. त्याले तुमच्या मांडीवर देतो, आशीर्वाद द्या.’ पाहुण्याचं नाक लाल होतं, आवाज बसलेला. उपरण्यानं नाक पुसत पुसत तो दाराशी आला. हातात पोरासाठी चांदीचा करदोटा होता. आणि तू पोराला कडेवर घेऊन दाराच्या मधोमध उभी राहिलीस. पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर खाली. परक्या पुरुषांसमोर तू बोलणार नव्हतीस, नवऱ्याशीही बोलणार नव्हतीस. तू माझ्याशी बोललीस.

‘पोरी, तुह्या बाबाले सांग, आंगावर कापूस हाय.’

मी बाबांना सांगितलं. बाबा खालच्या आवाजात म्हणाले, ‘तुह्या मायले सांग, पाव्हने हायेत. आज राहू दे.’ मी वळून तुला सांगितलं, जसं काही तुला ऐकूच गेलं नव्हतं. तू हलली नाहीस. ‘सांग, पाव्हन्याइच्या आंगावरही हाय.’ आत्या मागून कुजबुजली, ‘अवं बाजूले हो, करंटे! चांदी घेऊन दारात उभे हायेत.’ दुसरा दलाल हसला आणि म्हणाला, ‘काय राजे, बाजारात तुमी आमाले भाव देत नाई, अन् घरात तुमालेच भाव नाई?’ बाबांचा चेहरा असा लाल झाला की मला वाटलं, आता ते तुला हाताला धरून बाजूला करतील. गल्ली थांबली होती. समोरच्या ओट्यावरची बाई सुपातले दाणे विसरली होती. हा सौदा गेला असता तर आपला हंगाम गेला असता, हे मला त्या वयातही कळत होतं. तुला तर कळतच होतं. तरी तू म्हणालीस, ‘पोरी, पाव्हन्याइले इचार, देवयात जाताना हातपाय धुतेत का नाई? माह्या घरचा देव लहान हाय, म्हनावं. त्याच्या आंधीचा गेला.’

मी विचारलं नाही. गरज नव्हती. बाबांनी माझ्या हातातल्या तांब्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे, आणि दोन्ही हात पुढे केले. ‘घाल पानी, पोरी.’ ते खाली वाकून धुवायला लागले, कोपरापर्यंत, आणि मिशा चोळताना त्यांनी डोळेही जरा जास्तच वेळ चोळले. पाहुणा पुढे झाला. मग खो खो हसला, खोकला, बाह्या वर सारल्या आणि म्हणाला, ‘मलाही घाल गं बाई. माझ्या घरी तीन आहेत.’ मी पाणी घातलं. आत्यानं त्याच्या खांद्यावरची रुई वेचून टोपलीत ठेवली, अगदी मानानं. तो ओसरीवर बसला, तू आतून पोर दाखवलंस, करदोटा ताटात घेतलास, गूळपाणी दिलंस, पण मांडीवर काही दिलं नाहीस. आणि सौदा मोडला नाही, माय! उलट जाताना तो बाबांना म्हणाला, ‘घरात असा पहारा आहे तर तुमच्या मालातही खोट निघायची नाही.’

दुसऱ्याच दिवशी बाबा आडवे झाले. ताप, अंगदुखी, डोळे उघडवेनात. नुसतं पडसं नव्हतं ते. मग आत्या, मग मी. त्या आठवड्यात निम्मा बाजार अंथरुणात होता आणि उरलेला निम्मा खोकत भाव ठरवत होता. लोक म्हणाले, यंदा दव वाईट पडलं. कुणी म्हणालं, एवढा पैसा आला, दृष्ट लागली. वैद्यबुवा म्हणाले, दही बंद करा. तू म्हणालीस, कापूस! आता तो यांच्या छातीत गेला आहे आणि खोकल्याबरोबर उडतो आहे. म्हणून तू आम्हा तिघांना ओसरीवर गोण्यांच्या आडोशाला निजवलंस, स्वतः पदर नाकावर घट्ट बांधून आमचं करायचीस, आणि पोराकडे जाण्याआधी दर वेळी तेच गरम पाणी, तोच रिठा. तुझे हात उलले होते. त्यावर तू तेल चोळायचीस आणि आत्या पडल्या पडल्या म्हणायची, ‘हात पाहाय. जशी काही कोयसा विकते.’ तुझ्या मुलाचं नाक त्या हिवाळ्यात वाहिलं नाही. गल्लीत त्याच वयाच्या दोन पाळण्यांच्या दोऱ्या सोडल्या गेल्या, माय. आपला पाळणा हलत राहिला.

सगळंच काही तू बरोबर केलं नव्हतंस, हेही सांगते, नाहीतर तूच म्हणशील की पोरगी खुशामत करते. माझा ताप उतरावा म्हणून तू मला लंघन घातलंस. ज्वारीची पेज शिजल्याचा वास यायचा आणि मला मिळायचं फक्त सुंठेचं पाणी. तुझा मुलगा काल म्हणाला, तापात उपाशी ठेवू नये. पेज द्यावी, पाणी भरपूर द्यावं, निजू द्यावं. तू तीन गोधड्या टाकून मला घाम काढलास, त्याचाही उपयोग नव्हता म्हणे. माझ्या गळ्यात वेखंडाची पुरचुंडी बांधलीस, तिचा तर नाहीच नाही. पाण्याच्या वाफेनं बरं वाटतं एवढं त्यानं मान्य केलं. बरं वाटतं, पण बरं होत नाही, ते आपलं आपण होतं. आणि कापूस? मी मुद्दाम शेवटी विचारलं. जीव मुठीत धरून विचारलं म्हण. तो म्हणाला, ‘रुईच्या धुयीनं खोकला येते. वर्सानुवर्सं तिच्यात काम केलं तं छाती भरते, दमही लागते. पन थे येगळं. त्यानं पडसं नाई होत, अन् एकाचं दुसऱ्याले तं नाईच लागत.’

म्हणजे तू चुकीच्या चोराला पकडलंस, आणि त्याला पकडायला दार लावलंस म्हणून खरा चोरही बाहेरच राहिला! मला काल हसू आवरेना. मग रडू आलं. मग पुन्हा हसू. तो घाबरून माझी नाडी बघायला लागला. त्याला मी सगळं सांगितलं. टोपली, रिठा, पाहुणा, बाबांच्या मिशा. त्यानं हे कधी ऐकलंच नव्हतं. लढाई संपली, भाव कोसळला, बाबा गावाकडच्या शेतावर परत आले, आणि त्यानंतर त्या दिवसांचं आपल्या घरात कुणी बोललं नाही. त्यानं स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. जेवणाआधी हात गरम पाण्यानं धुवायची सवय त्याला कुठून लागली, हे त्याला काल कळलं. मग म्हणाला, ‘तेवढ्यानंच वाचलो असंन असं नाई, बाई. नशीबही असंन. पन मले दुसऱ्या कोन्या घरी जलमाले यायचं नाई.’

आता तो दवाखान्यात येणाऱ्या बायकांना तुझी गोष्ट सांगणार आहे. आज सकाळी सांगितलीही असेल. ‘माह्या मायनं तीस वर्सं आंधी पेढीवाल्याले दारात हात धुवाले लावले,’ असं म्हणणार, आणि त्या ऐकतील, कारण तो म्हणतो ते जंतू कुणाला दिसत नाहीत, पण दारात उभी राहिलेली बाई सगळ्यांना दिसते. तू असतीस तर पदर तोंडावर घेतला असतास. पण ऐकलं असतंस, मला ठाऊक आहे.

हा कागद मी कुठं पाठवणार? घरात उघडा ठेवला तर तो वाचेल, दिसेल ते वाचायची त्याला सवय आहे. म्हणून उशीची शिवण उसवून आत कापसात सारून ठेवणार आहे. कापसात! रागावू नकोस. या कागदातलं एकच त्यानं वाचायला नको आहे. काल उठता उठता त्यानं मला विचारलं, ‘पन बाई, मोठमोठ्या डाक्टराइले ठाऊक नव्हतं थे मायले कसं समजलं वं, का हातानं पडसं लागते म्हनून?’ टोपली मी सांगितली होती, तो ती लक्ष्मीची, आत्याच्या समाधानाची समजला होता. तू हातांना नाही, कापसाला भीत होतीस, एवढं सांगायचं राहिलं होतं, आणि ते सांगायला माझं तोंड उघडलंही होतं. पण त्याचे डोळे तेव्हा अगदी बाबांसारखे दिसत होते, तांब्याकडे बघतानाचे. मी म्हणाले, ‘तिले समजत होतं.’ आणि त्याच्या लेकीच्या हातातली जामाची फोड घेऊन तोंडात टाकली, म्हणजे पुढं काही बोलावं लागू नये. भर थंडीत, माय. गोड होता.